बर्निसने गाळलेलं घर

बर्निस गोंडेकने बावीस वर्षं एक घर गाळलं. तिच्या दारापासून मोजून चार घरं पलीकडचं, हिरव्या पायऱ्यांचं, तिच्या सख्ख्या भावाचं घर.

गाळलं म्हणजे काय ते सांगते. एकोणीस मार्चला संत युझेफचा सण. त्या दिवशी उजाडता उजाडता आमच्याकडचे वाजवणारे निघतात आणि ज्या ज्या घरात युझेफ नावाचा माणूस आहे त्याच्या खिडकीखाली बसून त्याला वाजवून उठवतात. "वाढदिवस काय, गाईलाही असतो. नावाचा दिवस माणसालाच असतो," असं माझी आई म्हणायची. सण येतो नेमका उपासकाळात. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली की पेट्या बंद, त्या थेट ईस्टरला उघडायच्या. नाच नाही, लग्न नाही, दारातल्या दारात गुणगुणणंही नाही. मधे हा एकच दिवस मोकळा, संताच्या कृपेने.

एक्कावन्न साली आमच्या कोपऱ्यापासून रेल्वेच्या रुळापर्यंत एकतीस युझेफ होते. हा आकडा अंदाजाचा नाही. वॉर्डातल्या मतदारांची यादी मी ठेवते आणि नगरसेवकाच्या माणसांपेक्षा माझी यादी पक्की असते. ज्याला शंका असेल त्याने येऊन भांडावं. मग कत्तलखाने बंद झाले, गुरांची यार्डं बंद झाली, पोरं उपनगरांत गेली आणि म्हातारे मातीत गेले. चौऱ्याऐंशी साली शिकागोच्या आमच्या या पोलिश भागात चार युझेफ उरले होते. बर्निस त्यातल्या तिघांकडे वाजवायची.

बर्निस तेव्हा सहासष्ट वर्षांची. बेकन कापायच्या खात्यात तेहतीस वर्षं उभी राहिलेली, त्यामुळे पाय हत्तीसारखे सुजलेले आणि मनगटं लोहारासारखी. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "मांडीवर जागा कुठंय?" मांडीवर तिची कॉन्सर्टिना असायची. आमच्या बोलण्यात ती नुसती 'पेटी'. चौकोनी, जड, दोन्ही टोकांना बटणं आणि मधे भाता. तिच्या पेटीच्या पुढच्या अंगावर चमकत्या खड्यांत बापाचं नाव जडवलेलं होतं, लिऑन. परक्या गावात लग्नाला वाजवायला गेली की कुणीतरी टवाळ ओरडायचाच, "काय लिऑनबाई, मिशी कुठं ठेवून आलात?" त्यावर ती भाता न थांबवता सांगायची, "तुझ्या बायकोला विचार, तिच्या ओठावर बघितली मी."

या पेटीची एक गोष्ट ठाऊक नसेल तर पुढचं कळणार नाही. एकाच बटणाचे दोन सूर असतात. भाता दाबला की एक, ओढला की दुसरा. बटणांवर आकडे असतात आणि आमची गाणी आकड्यांतच लिहिलेली असतात, कारण कत्तलखान्यातून बारा तास रक्तात उभं राहून आलेल्या माणसाला रेघांवरचे काळे ठिपके कोण शिकवणार? सतरा म्हटलं की सतरा नंबरचं बटण. जिथे ओढायचं तिथे आकड्याच्या डोक्यावर एक खूण. खूण नाही तर दाबायचं. सोपं.

फक्त लिऑन गोंडेकच्या वहीत खुणाच नव्हत्या. नुसते आकडे, पानंच्या पानं. खूण परक्यासाठी असते. आपल्याच घराचं दार आत उघडतं की बाहेर, हे कुणी लिहून ठेवतं का?

लिऑनचा कोपऱ्यावर बार होता. तो तिथेच बसून वाजवायचा आणि त्याने शिकवलं ते एकट्या मुलाला, युझेफला. मुलगी वर, आईपाशी, बटाटे सोलायला. छत्तीस साली लिऑन गेला, पेटी युझेफकडे आली. युझेफ काय वाजवायचा ते माझ्या आईच्या पिढीला विचारायला हवं होतं. बाया म्हणे भांडी टाकून खिडकीत यायच्या. दोनच वर्षं. अडतीस साली सॉसेजच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं गेली. कंपनीने एक आठवड्याची सुट्टी दिली आणि नंतर झाडू दिला. यावर मी इथे काही लिहीत नाही, लिहायला बसले तर बर्निस बाजूला राहील.

पेटी कपाटात गेली. वर्षभर तिच्यावर चादर होती. मग एका रविवारी बर्निसने ती काढली आणि वही उघडून आकडे दाबायला बसली. वीस-एकवीस वर्षांची. तिने भावाला विचारलं नाही, त्याने तिला सांगितलं नाही. तो पलीकडच्या खोलीत दाराकडे पाठ करून बसायचा. दाबायचं की ओढायचं हे तिने कानाने ठरवलं. एक करून बघायचं, ओळखीचं वाटलं नाही तर दुसरं. असं सगळं गाणं जुळवायचं. वहीतली सगळी जुळली. शेवटच्या पानावर बापाची स्वतःची पोल्का, म्हणजे नाचाची धून, होती, नाव न दिलेली, तिला पुढे सगळे 'लिऑनची' म्हणायला लागले. तिच्या तिसऱ्या भागात एक जागा अशी होती की दाबलं तरी चालेल आणि ओढलं तरी चालेल. बर्निसने ओढलं.

मग युद्ध झालं, पोरं परत आली, लग्नांचा पाऊस पडला आणि त्या प्रत्येक लग्नात लिऑनची पोल्का वाजली, बर्निसने जुळवली तशी. क्लॅरिनेटवाले तिच्याकडून शिकले. दुसरे पेटीवाले तिच्याकडून आकडे उतरवून घेऊन गेले आणि त्या जागी डोक्यावर ओढायची खूण करून गेले. नाचणाऱ्यांचे पायही तसेच शिकले. त्या जागी सूर जरा वर जाऊन थबकतो, तिथे आमच्याकडचा प्रत्येक पुरुष टाच आपटतो. तुम्ही माझ्या नवऱ्याला झोपेतून उठवून ती पोल्का ऐकवा, तो टाच आपटेल.

बासष्ट साली युझेफच्या मुलीचं, डोलोरेसचं लग्न झालं. चर्चच्या हॉलमध्ये तीनशे माणूस. मी तिथे होते, जेवण वाढत होते, म्हणून हे ऐकीव नाही. बर्निस मंचावर, लिऑनची चालू, फरशी हलतेय. तिसरा भाग आला आणि युझेफ नाचणाऱ्यांच्या मधोमध उभा राहिला. थोडी घेतलेली होती. तीन बोटांचा हात वर करून ओरडला, "दाब! तिथं दाबायचं गं, ओढायचं नाही! तेवीस वर्षं चूक वाजवतेयस! पप्पांनी ऐकलं असतं तर पेटी हिसकावून घेतली असती!"

वाद्यं एकेक करून थांबली. सगळ्यात शेवटी ढोल. बर्निसने भाता मिटला, दोन्ही बाजूंचे पट्टे बांधले, पेटी खोक्यात ठेवली आणि मंचावरून उतरून स्वयंपाकघरातून, माझ्या शेजारून, मागच्या दाराने निघून गेली. डोलोरेसच्या डोक्यावरचा नवरीचा जाळीदार पदर उतरवायचा विधी अजून व्हायचा होता, तो पेटीच्या सुरावर होतो. बायकांनी तो नुसत्या टाळ्यांवर केला. आमच्यात पेटीशिवाय पदर उतरलेली ती एकटीच नवरी.

त्यानंतर दोघं बोलले नाहीत. चार घरांचं अंतर. तो हिवाळ्यात स्वतःच्या दारापुढचा बर्फ काढायचा आणि बरोबर तिच्या हद्दीच्या तीन दारं अलीकडे थांबायचा. ती त्याच्या दारावरून जायला नको म्हणून बसला मागच्या बोळातून जायची, कचऱ्याच्या पिंपांतून, उंदरांतून. माणसाचा अभिमान बघा, उंदीर चालतात.

चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये डोलोरेस ॲरिझोनाहून आली. युझेफची छाती भरलेली असायची, डॉक्टरने कोरडी हवा सांगितली होती. घर विकलं गेलं. एकवीस तारखेला, बुधवारी, ती बापाला घेऊन जाणार होती. मला हे कळलं तेव्हा राखेचा बुधवार होता. चर्चमधून बाहेर पडता पडता मी बर्निसला गाठलं. दोघींच्या कपाळावर राख.

"ऐकलंस का? युझेफ चालला."

"कुठं?"

"ॲरिझोनाला. कायमचा. एकवीसला."

ती हातमोजे घालत राहिली. "तिकडं ऊन असतं," म्हणाली.

"बर्निस, एकोणीसला त्याचा दिवस आहे. शेवटचा."

"यादी तुझी आहे ना? मग वाच यादी. मला कशाला सांगतेस?"

"तुला नाही सांगणार तर काय पोपला सांगू?" माझा आवाज चढला. पायऱ्यांवरची माणसं बघायला लागली. "सत्तर वर्षांचा झालाय तो! छाती वाजते त्याची! दारूच्या भरात एक वाक्य बोलला..."

"बरोबर बोलला," बर्निस म्हणाली.

मी तिची बाही धरली.

"त्याच रात्री घरी जाऊन मी दाबून बघितलं," ती म्हणाली. "एकदाच. पप्पांचं तेच होतं. ऐकल्या ऐकल्या कळलं. लहानपणी जिन्यातून ऐकायचे ते." आणि ती मागच्या बोळाने निघून गेली.

म्हणजे बावीस वर्षं हिला ठाऊक होतं! आणि बावीस वर्षं ही ओढतच राहिली. तीनशे माणसांसमोर ज्याने चूक काढली तो बरोबर होता, हे मान्य करायचं कसं? मलाही जमलं नसतं, खरं सांगते.

पुढच्या सोमवारी चर्चच्या तळघरात पेटीमंडळ जमलं. पूर्वी चाळीस जण असत, आता चार: बर्निस, क्लॅरिनेटवाला चेस्टर आणि दोन म्हातारे पेटीवाले भाऊ. उपासकाळात वाजवायचं नसतं, म्हणून नुसती कॉफी, राय धान्याचा काळा पाव आणि खारवलेले हेरिंग मासे. माझ्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू इरेनेउशही आला होता. ग्दान्स्कचा इंजिनिअर, दोन वर्षांपूर्वी तिकडचा गोंधळ सोडून आलेला, इथे शाळेत फरशा पुसायचा. माणूस सज्जन, पण शिकलेला. आणि शिकलेल्यांची जी खोड असते ती होतीच.

"लॉटीबाई, राग मानू नका," तो मला म्हणाला, "पण आमच्याकडे पोलंडमध्ये हे कुणी वाजवत नाही. ही पेटी जर्मनांची. पोल्का तर चेकांचा नाच. तुम्ही लोक याला पोलिश कसं म्हणता, मला कळत नाही."

मी कॉफीचा पेला ठेवला. ठेवला म्हणजे आपटला. "इरेनेउशसाहेब, माझा आजा तिकडून आला तेव्हा त्याच्या खिशात तुमचा तो पोलंड नव्हता. नकाशावरही नव्हता. कसायाचा सुरा आणि..."

"लॉटी, बस," चेस्टर म्हणाला. मग इरेनेउशकडे वळून शांतपणे, "पेटी जर्मनांची, कबूल. नाच चेकांचा, कबूल. क्लॅरिनेट कुणाची ते मला माहीत नाही, मी हप्त्यावर घेतली. पण गुडघे दुखतात ते आमचे."

सगळे हसले. इरेनेउशही हसला. बर्निस हसली नाही. तिने विचारलं, "इंजिनिअर, एखादी गोष्ट पहिल्यापासून चूक बांधली आणि लोक तिच्यात राहायला लागले, तर तुमच्यात काय करतात? पाडतात?"

"धोका नसेल तर राहू देतात," तो म्हणाला. "नकाशा दुरुस्त करतात."

ती मान हलवून हेरिंग खात राहिली.

दोन दिवसांनी मी तिच्याकडे सही घ्यायला गेले. कचऱ्याच्या गाड्या आमच्या बोळात पंधरा दिवस फिरकल्या नव्हत्या, अर्जावर सह्या जमवत होते. घंटी वाजवली, उत्तर नाही. तळघराची खिडकी फुटपाथच्या पातळीला आहे, तिथून विचित्र आवाज येत होता. कुणीतरी झोपेत श्वास घ्यावा तसा. आत, बाहेर, आत, बाहेर. मला वाटलं बाई पडली. मी गुडघ्यांवर बसून खिडकीतून बघितलं.

बर्निस धुण्याच्या यंत्राशेजारी खुर्चीवर बसली होती, मांडीवर पेटी. पेटीला उजव्या अंगठ्यापाशी हवेचा खटका असतो. तो दाबून धरला की भाता हलतो पण सूर निघत नाही, नुसती हवा जाते. तिने खटका धरला होता. बोटं बटणांवर नुसती टेकत होती, दाबत नव्हती. उपास मोडायचा नाही म्हणून ती न वाजवता वाजवत होती. पोल्का कुठली ते मला तिच्या पायावरून कळलं. तिसरा भाग आला, टाच उचलली गेली आणि हात ओढायला गेले. तिने थांबवले. पुन्हा मागून. पुन्हा ओढले गेले. तिने स्वतःच्या डाव्या हातावर चापट मारली, लहान पोराला मारतात तशी.

मी काच वाजवली. ती दचकली, मग चिडली.

"चोरासारखी काय बघतेस?"

"तू चोरासारखी काय वाजवतेस?"

तिने मला आत घेतलं. "पंचेचाळीस वर्षं हात ओढतायत," म्हणाली. "डोक्याला कळतं, हाताला कळत नाही. आणि सूर काढून बघता येत नाही. उघड्यावर पहिल्यांदा वाजेल ते त्याच्या खिडकीखालीच."

"म्हणजे तू जाणार."

"पप्पांचं वाजवणार. तो बरोबर होता हे त्याला कळलं पाहिजे. तोंडाने मला बोलता येणार नाही. जमलं तर जमलं. हात चुकला तर त्याला वाटेल, शेवटच्या दिवशीही नाक वर करून आली." तिने माझं मनगट धरलं. तिची पकड सांगितलीच आहे. "कुणाला बोललीस तर बघ, लॉटी. चेस्टरला नाही, कुणाला नाही. उगाच कीव नको."

मी शब्द दिला आणि पाळला. पाळायला नको होता. पण ते पुढे.

मधे मी डोलोरेसला भेटून आले, कारण दार तिच्या हातात होतं. तिने खोकी बांधता बांधता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आत्या माझ्या लग्नातून पेटी उचलून गेली. लोक अजून मला विचारतात. आणि आता पहाटे सहाला वाजवायला येणार? पप्पांना धाप लागते."

मी म्हटलं, "तुझ्या पप्पांनी तुझ्याच लग्नात तिचा पाणउतारा केला, तेही लोक विचारतात." हे बोलायची गरज नव्हती. ती लाल झाली. पण तेवढ्यात आतल्या खोलीतून युझेफचा आवाज आला, खोकल्यात अडकत, "कोण आहे? लॉटी आहे का? तिला सांग, एकोणीसला पडदा उघडा राहील. राहील म्हणजे राहील."

एकोणीस सोमवारी आली. रस्त्याकडेला काळा बर्फ, आभाळ शिशासारखं. थंडीत पेटी आखडते म्हणून बर्निस आणि दोघे भाऊ पेट्या कोटाखाली पोटाशी धरून चालत होते, आठव्या महिन्यातल्या बायांसारखे. घडीच्या खुर्च्या मी आणि इरेनेउशने उचलल्या होत्या. पेटी उभ्याने वाजत नाही. पहिल्या युझेफने खिडकीतून हात हलवला. दुसऱ्याने सगळ्यांना कॉफी पाजली, तीत बोटभर व्हिस्की. तिसरा आंधळा झालाय, तो दारात उभा राहून शेवटपर्यंत रडत ऐकत होता. तिन्हीकडे दुसरीच गाणी. लिऑनची बर्निसने काढली नाही.

तिसऱ्या घरून निघालो आणि बर्निस हिरव्या पायऱ्यांकडे वळली. चेस्टरने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं.

पडदा उघडा होता. काचेमागे युझेफ, गळ्याभोवती मफलर, दाढी केलेली. बर्निसने खुर्ची मांडली, बसली, पेटी घेतली. खिडकीकडे बघितलं नाही. "लिऑनची," एवढंच म्हणाली आणि सुरू केलं.

पहिला भाग, दुसरा भाग. शेजारच्या घरांच्या खिडक्या उघडल्या. नवीन आलेलं मेक्सिकन कुटुंब पोरांसकट दारात आलं. तिसरा भाग सुरू झाला आणि मला अचानक माझी चूक कळली, पण आता काय उपयोग. बर्निस शिकून आली होती. बाकीच्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या जागी बर्निसने दाबलं. जमलं तिला. आणि दोन्ही म्हाताऱ्यांनी, चाळीस वर्षांच्या सवयीने, ओढलं. चेस्टर क्लॅरिनेटवर वर गेला. आकडा तोच, सूर दोन, तेही एकमेकांचे वैरी. आमच्या गल्लीत एवढा घाणेरडा आवाज ट्राम बंद झाल्यापासून झाला नव्हता. कुत्री भुंकायला लागली. एका म्हाताऱ्याने हात थांबवले, दुसऱ्याला ऐकू कमी येतं, तो ओढतच राहिला. बर्निस मधेच थांबली. तिचा चेहरा मी बघितला आणि बासष्ट सालचा चेहरा आठवला. हात पट्ट्यांकडे गेले.

समोरचं दार उघडलं. युझेफ पायऱ्यांवर आला, पायात सपाता, अंगावर पायजमा आणि वर कोट. मागे डोलोरेस, "पप्पा, थंडी! पप्पा!"

"काय गं," तो धापा टाकत म्हणाला, "मला खूष करायला अख्खी गल्ली बेसूर केलीस?"

बर्निस पट्टा बांधायची थांबली.

"दाबलंस तू," तो म्हणाला.

"दाबलं."

"मी ऐकलं."

तो वरच्या पायरीवर बसला, उठायला मिनिटभर लागेल असा. मग शेजारची जागा तळव्याने पुसली. "इकडं ये. ती पेटी आण. डावा हात माझा धड आहे अजून."

बर्निस त्याच्या उजव्या बाजूला बसली. पेटी दोघांच्या मांड्यांवर आडवी. डाव्या टोकाचा पट्टा युझेफने हातात घातला, उजव्या टोकाचा तिने. मधे भाता. शेहेचाळीस वर्षांत त्याने या पेटीला बोट लावलं नव्हतं. अंगठ्याने त्याने बटणं चाचपली, मोजल्यासारखी. डोलोरेसने त्याच्या खांद्यावर घोंगडी टाकली आणि तिथेच उभी राहिली.

"एक, दोन," युझेफ म्हणाला, आणि सुरू झालं.

सुरुवातीला दोघांचा ताल वेगळा होता, दोन माणसं एक पलंग जिन्यावरून नेतात तसा. मग जुळलं. दोघांना एकाच वेळी दाबावं लागतं, एकाच वेळी ओढावं लागतं, नाहीतर पेटी वाजत नाही. तोंडाने बोलत नव्हते, पण खांदे बोलत होते. तिसरा भाग आला. चेस्टरने ओठांवरून क्लॅरिनेट काढली. गल्लीतल्या सगळ्या टाचा वर.

आणि आवाज बंद.

काहीच वाजलं नाही. बर्निसने सगळा जोर लावून भाता त्याच्याकडे दाबला होता, पप्पांचं म्हणून. आणि त्याच क्षणी युझेफने तो आपल्याकडे ओढला होता, तिचं म्हणून. भाता ना मिटला ना उघडला. पेटीच सगळी डावीकडे सरकली आणि कठड्यावर आदळली.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"अरे, मी तुझं वाजवत होते!" बर्निस म्हणाली.

"आणि मी काय चेस्टरचं वाजवत होतो?"

"तूच म्हणाला होतास दाबायचं!"

"म्हणालो होतो! बावीस वर्षं झाली! तेव्हापासून चार घरांवरून तुझंच ऐकतोय, पप्पांचं मला आता आठवतसुद्धा नाही!"

"आठवत नाही काय! मी बारा दिवस तळघरात उगाच हात बडवले?"

पहिल्यांदा डोलोरेस हसली. घोंगडीचं टोक तोंडाशी धरून, मग ते सोडून देऊन. मेक्सिकन पोरं कशाला हसायचं ते न कळता हसली. इरेनेउश खुर्ची डोक्यावर धरून उभा होता, तो ती खाली ठेवायचं विसरला.

त्या सकाळी लिऑनची सहा वेळा वाजली, पायरीवरूनच. आधी ठरवून, ओरडून, "आता दाब!", "आता ओढ!" कधी दाबलं, कधी ओढलं, दोनदा पुन्हा तेच, न वाजताच कठड्यावर. युझेफला धाप लागली, डोलोरेसने पाणी आणलं आणि आत चला असं काही म्हटलं नाही.

बुधवारी दुपारी डोलोरेसने गाडी आणली. सामान आधीच गेलं होतं. मी निरोपाला गेले तर बर्निस तिथे होतीच, समोरच्या दाराने आलेली. खऱ्यात पप्पा त्या जागी काय करायचे यावर दोघांचं भांडण चालू होतं. तो म्हणत होता, पप्पा कधी कधी ओढायचेही, घेतलेली असली की. ती म्हणत होती, तू हे आत्ता मनाने रचतोयस. तो म्हणत होता, तू तेव्हा बटाटे सोलत होतीस, तुला काय माहीत. डोलोरेसने इंजिन सुरू केलं. बर्निस काचेतून आत वाकलेली. विमान चुकेल, असं डोलोरेस दोनदा म्हणाली, मग तिने भोंगा वाजवला. तरी ती बोलतच होती आणि तो मफलर खाली ओढून उत्तर देत होता.